भांड्यांची लाज नको, रोखीची भीती धरा

ताई, मुलगा माँट्रियलला शिकतो. कॉलेज इंग्रजी, पण दुकानांत फ्रेंच मागतात, म्हणून काम मिळेना. आता एका हॉटेलात भांडी घासतो. पगार रोख, हातावर. हे फक्त मला सांगितलंय. आमचे हे गावभर सांगत फिरतात, पोरगा ऑफिसात आहे. कळलं तर काय होईल? झोप उडालीय.
– एक आई, देवगड

वहिनी, भांड्यांपायी झोप घालवू नका. आपली चाकरमानी माणसं गिरण्यांत नि खानावळींत राबली, त्यांच्या मनीऑर्डरींवर इकडची घरं चालली. भाऊंना ही आठवण द्या. पण पडवीत चार माणसं बसलेली असताना नव्हे, रात्री जेवणं आटोपल्यावर.

मला धास्ती आहे ती त्या रोखीची. कॅनडात परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं (नोव्हेंबर २०२४ आधी २० होते), ठरलेल्या सुट्टीत पूर्णवेळ. त्यासाठी सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे तिथे काम करायला लागणारा सरकारी नंबर, काढावा लागतो. मालकाने तो मागितला का? पगाराची स्लिप देतो का? दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं, तर काम सोडायला सांगा. रोखीत किती तास भरले याचा कागद नसतो, पैसे बुडवले तरी पोरगा तक्रारीला कचरतो. तासांची मर्यादा मोडल्याचं निघालं तर शिक्षणाचं परमिट पोराचं जातं, मालकाचं नाही! महिना-दोन महिने तुम्हाला ओढून-ताणून पैसे पाठवावे लागले तरी पाठवा.

फ्रेंचला मात्र पर्याय नाही. तिथे दुकानात शिरताच 'बोंजूर-हाय' असा फ्रेंच-इंग्रजी जोड नमस्कार ऐकू येतो खरा, पण माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकची राजभाषा एकटी फ्रेंच, आणि १९७७ च्या कायद्याने ती कामधंद्याचीही भाषा केली. गल्ल्यावर उभं राहायचं तर ती बोलता यायलाच हवी. तारकर्लीची बोटवाली पोरं कुठे हिंदीच्या क्लासला गेली होती? गिऱ्हाइकांत राहून शिकली. यानेही विद्यापीठातला फ्रेंचचा वर्ग धरावा आणि भाजी घेताना तोडकंमोडकं का होईना, बोलावं. हसतील, हसू देत.

तोवर कॉलेजच्या आवारातलंच काम बघू दे: लायब्ररी, कॅन्टीन, प्रयोगशाळा. इंग्रजी कॉलेजात तिथे बरंचसं इंग्रजीवर भागतं, आणि ते तास २४ मध्ये मोजत नाहीत. पण अशा जागांवर उड्या पडतात, त्याला आजच अर्ज करायला सांगा. भाऊंशी बोलणं उद्यावर गेलं तरी चालेल.