भरतकाम राहू द्या, विषय कमी करा

प्रश्न : माझं वय ४३. पूर्णवेळ नोकरी, दोन शाळकरी मुलं. अर्धवट राहिलेली पदवी दूरस्थ पद्धतीने पूर्ण करतेय. पहिल्या सत्रात चार विषय घेतले, रोज रात्री दीड तास वाचलं, तरी दोन राहिले. वाचलेलं टिकत नाही, परीक्षेत पेपर पुरा होत नाही. घरचे म्हणतात, भरतकामात वेळ जातो, ते बंद कर. करू का?

उत्तर : नको, ताई. आधी हिशेब पाहू. माहितीपुस्तिकेत प्रत्येक विषयाची क्रेडिट्स दिलेली असतात. एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. वाचन, स्वाध्याय, उजळणी सगळं त्यात आलं. तुमचे विषय चार-चार क्रेडिटचे असतील तर ती झाली १६ आणि ३० च्या हिशेबाने तास ४८०. सत्र २० आठवड्यांचं धरलं तरी आठवड्याला २४ तास हवेत. एकही खाडा न करता तुमचे होतात साडेदहा. एवढ्यात दोन विषयांत पास झालात हेच पुष्कळ.

पुढच्या सत्रात दोनच विषय घ्या, म्हणजे आठवड्याला १२ तास पुरतील. मात्र नोंदणी किती वर्षं चालते ते आधी विचारून घ्या. विषय निम्मे केले की वर्षं वाढतात, आणि ती त्या मुदतीत बसली पाहिजेत.

हे १२ तास रात्रीचे नसावेत. दमलेल्या डोक्याने पानं उलटतात, आत काही जात नाही. चार दिवस सकाळी दीड-दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी तीन-तीन तासांच्या दोन बैठका, मधे चांगली मोठी विश्रांती. नवा धडा आणि स्वाध्याय लांब बैठकीत घ्या; विषयात शिरायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, त्यामुळे अर्ध्या तासाच्या तुकड्यात हाती फारसं लागत नाही. सकाळची वेळ उजळणीला.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. तिथेच बहुतेकांची फसगत होते. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो आपल्याला येतो असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने विचारलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून धडा संपला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग ताडून पाहा. जे सुटलं त्याचाच प्रश्न कार्डाच्या एका बाजूला आणि उत्तर मागे. कार्डांसाठी पाच कप्प्यांचा डबा करा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, पुढचे आणखी अंतराने. एका कार्डावर एकच प्रश्न. पाच मुद्द्यांचं उत्तर एका कार्डावर कोंबलं की चार आले, एक राहिला, आता ते बरोबर धरायचं की चूक, हे ठरवता येत नाही.

पेपर पुरा न होण्याचं कारण बऱ्याचदा हात असतो. वर्षानुवर्षं कीबोर्ड वापरल्यावर पेनाची सवय सुटते. दहा मिनिटं न थांबता लिहा आणि शब्द मोजा. १५० भरले तर तीन तासांच्या पेपरात, वीस मिनिटं वाचायला-विचारायला सोडून, सुमारे २४०० शब्द होतील. उत्तरांची लांबी त्यावर बेता. परीक्षेआधी आठ आठवड्यांपासून हाताने लिहायला लागा. आधी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, शेवटच्या पंधरवड्यात दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून.

आता भरतकाम. त्यात वेळ कुठे जातो ते घरच्यांनी नीट पाहिलेलं नाही. टाके घालण्यात फार जात नाही. नवं डिझाइन निवडणं, ते कापडावर उतरवणं, रंग जुळवणं, यात संध्याकाळी जातात. ही कामं दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत उरकून ठेवा आणि परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत नवा नमुना काढूच नका. सत्र चालू असताना लहान रिंगवर धावदोरा, साखळी टाका अशी हात आपोआप चालणारी कामं ठेवा. अभ्यासाच्या मधल्या विश्रांतीत बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंतचा, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचा दोरा ओवायचा. तो संपला की विश्रांती संपली. घड्याळापेक्षा हे बरं, कारण टाका अर्धवट सोडावा लागत नाही. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान दुसऱ्यांदा ऐकताना हातात सुई चालेल. पहिल्यांदा ऐकताना नको, तेव्हा हातात पेन हवं.

घरी ‘जरा मदत करा’ म्हणून काही हलत नाही. एक अख्खं काम सोपवा, लक्षात ठेवण्यासकट. मुलांची शाळेची तयारी दुसऱ्याकडे दिली, तर गणवेश धुतला का हे विचारणंही तुमच्याकडे ठेवू नका. पहिले दोन आठवडे चुका होतील. मधे पडलात तर काम परत तुमच्याच गळ्यात.

दोन विषय कोणते घ्यायचे? एक राहिलेला आणि एक नवा. राहिलेल्याची टिपणं तयार आहेत, त्यामुळे नव्याला जास्त तास देता येतील. राहिलेल्या विषयातल्या स्वाध्यायाचे गुण पुढे धरले जातात का, हे अभ्यास केंद्रात लेखी विचारा. धरले जात असतील, तर पुन्हा स्वाध्याय लिहिण्याचे तास वाचतील.