पाळकीणबाई रविवारी चर्चला जात नाहीत

फोन मुलीचा होता. "मॅडम, आई सात रविवार चर्चला गेली नाही. बाबा जन्मभर पाळक. लोक विचारायला लागलेत. तिचा विश्वास ढळला असेल का हो?"

सांगलीत विश्रामबागेत मी समुपदेशन करते. हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या वेषांत येतो. माळकरी घरातली सासू अचानक एकादशी सोडते, जन्मभर शाळेत राबलेल्या बाई शाळेच्या कार्यक्रमाचं निमंत्रण न उघडता ठेवून देतात. घरचे घाबरतात. जे इतकी वर्षं मनापासून केलं त्याचाच राग यायला लागला, म्हणजे मग ते सगळं खोटं होतं की काय? ही भीती सगळ्यांत जास्त असते ती जिला राग येतो तिलाच.

(बाईंनी हे लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई ६७ वर्षांच्या. साहेब, म्हणजे त्यांचे पाळक पती, निवृत्त झाल्यापासून वानलेसवाडीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. त्याआधी ३८ वर्षांत नऊ बदल्या, सातारा, कोल्हापूर, सांगली अशा फिरत्या. प्रत्येक गावी चर्चच्या मंडळीनं दिलेलं पार्सनेज, म्हणजे पाळकाचं घर, आणि बदलीच्या दिवशी किल्ल्या परत. पाळकाच्या बायकोची नेमणूक कागदावर कुठेच नसते, काम मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं. संडे स्कूल, महिला मंडळ, घरभेटी, बाळंतिणीला डबा, मयताच्या घरी रात्रभर बसणं, कमिटीची बैठक लांबली की पुन्हा चहा. पगार एकाचा, माणसं दोन.

पहिल्या भेटीत मी आधी झोप, भूक आणि वजन विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर ते नुसतं 'मन रमत नाही' नसतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतात. (रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.) बाईंचं तिथवर गेलं नव्हतं. तरी डॉक्टरांकडून थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगितलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली, पायातली मुंग्या येण्याची तक्रार कमी झाली. राग होता तिथेच होता.

मग मी चूक केली. म्हटलं, "बाई, लोकांसाठी खूप केलंत, आता थोडं स्वतःसाठी जगा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना केस रंगवायला सांगितलंय. चूक सुधारायला म्हणून मी मार्था आणि मरियेची गोष्ट काढली. बायबलातल्या या दोन बहिणी, येशू घरी आल्यावर मार्था पाहुणचारात राबते आणि मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते, तो मरियेची बाजू घेतो. त्यांच्याच पुस्तकातली गोष्ट, म्हटलं पटेल. बाई पहिल्यांदा हसल्या. "मॅडम, त्या गोष्टीवरचं प्रत्येक प्रवचन मी स्वयंपाकघरातून ऐकलंय."

तिसऱ्या भेटीला मी सल्ले बाजूला ठेवले आणि त्यांना नुसतं आठवायला सांगितलं. नऊ गावांतलं कोणतं काम करताना वेळ कधी गेला ते कळलं नाही?

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर निघाला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. शाळेच्या इमारतीत पूरग्रस्त आणून ठेवलेले. चर्चमधल्या बायका पोळ्या लाटत होत्या आणि पाळकीणबाईंनी लाटायला पुढे बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा. बाई मात्र एका कोपऱ्यात पाटावर बसून लोकांचे पाय बघत होत्या. चार दिवस पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. धुवायचं, कोरडं करायचं, जांभळं औषध लावायचं. "एका म्हाताऱ्यानं पाय मागे घेतला. म्हणाला, तुम्ही कोणाच्या कोण, पाय काय धरता? मी म्हटलं, बाबा, मी नर्स आहे."

मी विचारलं, "नर्स?"

तेव्हा कळलं. लग्नाआधी मिरजेत नर्सिंगचा कोर्स केलेला. मिरजेच्या वैद्यकीय कामाची सुरुवातच मुळी मिशनची, डॉ. वानलेस यांचं रुग्णालय १८९४ सालचं. त्या काळी या भागातल्या किती ख्रिस्ती घरांतल्या मुलींना नर्सिंग ही पहिली स्वतःची कमाई होती! बाईंनी तीन वर्षं नोकरी केली. दुसऱ्या बदलीला सोडली. कोणी सक्ती केली नाही, कोणी विचारलंही नाही.

पुढच्या दोन भेटी आम्ही एवढंच निवडत बसलो: कोणती सेवा तुमची आणि कोणती पाळकीणबाईंची. तांदळातले खडे निवडावेत तसं. मरणाऱ्या माणसाजवळ बसणं त्यांचं होतं. आजारी माणसाच्या घरची भेट त्यांची. चाळीस माणसांचा चहा, नाताळच्या चारशे करंज्या, महिला मंडळाचं अध्यक्षपद पाळकीणबाईंचं. राग सगळा या दुसऱ्या ढिगात होता. पण दोन्ही ढीग इतकी वर्षं एकाच पोत्यात होते, म्हणून त्यांना वाटत होतं की पोतंच कुजलं.

"पण तक्रार केली तर ती सेवा कसली?" हे त्यांनी मला चार वेळा विचारलं असेल. मी लक्ष्मीबाई टिळकांचं नाव काढलं. १९१७ साली त्यांचे पती, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, साताऱ्याला राहायला आले, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांचा हात सढळ, आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंची. त्यांनी आठवणींमध्ये नवऱ्याच्या एकेक लहरी हसत हसत, काही राखून न ठेवता लिहिल्या. त्यांच्या श्रद्धेला त्यामुळे कोणी नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. बाई म्हणाल्या, "त्या मोठ्या होत्या." मग स्वतःच एलीयाची गोष्ट सांगितली. थकलेला संदेष्टा झाडाखाली पडतो, देवा, आता मरण दे म्हणतो. देवदूत येतो तो बोल लावत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. "साहेबांनी यावरही प्रवचन केलंय," त्या म्हणाल्या, "पण झोपू देतो हे मला आत्ता दिसलं."

साहेबांना एकदा बोलावलं. ताठ बसले होते. बायकोनं नोकरी सोडली तो दिवस आठवतो का, असं विचारल्यावर चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "मंडळीनं मला नेमलं. हिला मीच नेमलं, न विचारता." बाईंनी त्यांना लगेच माफ केलं असं काही झालं नाही. घरी जाताना रिक्षात दोघं गप्प होते म्हणे.

आता बाई महिन्यातून दोन रविवार चर्चला जातात, मागच्या बाकावर बसतात. महिला मंडळाला नाही म्हणाल्या, त्याचं काहीजणींना वाईट वाटलं आणि अजून वाटतं. गल्लीतल्या मधुमेही आजींच्या पायाची जखम बांधायला एक दिवसाआड जातात. भाड्याचा आणि औषधांचा प्रश्न आहे तसाच आहे, त्यावर समुपदेशनाचा इलाज नाही.

डिसेंबरात त्यांनी करंज्यांचा डबा आणून दिला. मी उघडला, तर म्हणाल्या, "विकतच्या आहेत."

सारण जरा कोरडं होतं. आम्ही दोघींनी दोन-दोन खाल्ल्या.