एअर फ्रायरमधला समोसा : काटकसर मोहनात नको

प्रश्न : एअर फ्रायरमध्ये समोसे केले. तेल कमी जावं म्हणून मोहनही निम्मंच घातलं. पारी पांढरट राहिली आणि चावता चावेना इतकी कडक झाली. काय चुकलं?

उत्तर : मोहन कमी केलंत, तिथेच. मोहनाचं तेल पिठाच्या कणांना चिकटतं, त्यामुळे पीठ भिजवल्यावर ग्लुटेनचे, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाचे, लांब धागे तयार होत नाहीत आणि पारी खुसखुशीत होते. कढईत मोहन थोडं कमी पडलं तरी बाहेरचं तेल सांभाळून घेतं. इथे नुसती गरम, कोरडी हवा. ती पारीतला ओलावा ओढून घेते.

१२ समोशांसाठी २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा ओवा, पाऊण चमचा मीठ आणि ६० मिली (४ मोठे चमचे) तेल घ्या. तेल पिठाला पाच मिनिटं चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे. मग थंड पाणी चमच्याचमच्याने घालत घट्ट भिजवा. ८० ते ९० मिली पुरतं. गोळा झाला की थांबा, पोळीच्या कणकेसारखं तिंबू नका. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. सहा गोळ्या करून लांबट लाटा, मधोमध कापा आणि कडेला पाणी लावून समोसे भरा.

भरलेल्या समोशांना ब्रशने सगळीकडून तेल लावा. सगळ्यांना मिळून दोन-तीन छोटे चमचे लागतं. हे टाळलं की पारी पांढरी राहते. फ्रायर आधी तीन-चार मिनिटं तापवा. १६० अंशांवर १२ मिनिटं, मग उलटून पुन्हा किंचित तेल आणि १८० अंशांवर ६ ते ८ मिनिटं. सुरुवातीलाच १८० ठेवलं तर टोकं करपतात आणि दुमडीतली पारी कच्ची राहते. समोसे एकमेकांना चिकटून रचू नका, हवा फिरायला जागा लागते.

प्रश्न : मैद्याऐवजी पूर्ण कणीक चालेल का?

उत्तर : चालेल, पण गार झाल्यावर चिवट लागते. निम्मी कणीक, निम्मा मैदा हा आमच्या मते बरा मार्ग. कोंडा पाणी जास्त पितो, म्हणून एक-दोन चमचे पाणी वाढवा.

प्रश्न : समोसे मध्येच फुटतात.

उत्तर : बहुधा सारण ओलं किंवा गरम असतं. वाफ शिवणीतून वाट काढते. बटाटे उकडून पूर्ण गार करा, मटार निथळून घ्या, आंबटपणासाठी लिंबाऐवजी आमचूर वापरा. सारण आधीच पूर्ण शिजलेलं हवं.

प्रश्न : हा समोसा खरंच पौष्टिक म्हणायचा का?

उत्तर : तळणीचं तेल वाचतं, एवढंच. मोहनाचं सुमारे ५ मिली तेल, म्हणजे अंदाजे ४५ कॅलरी, प्रत्येक समोशात असतेच. मैदा आणि बटाटाही तिथेच. फरक पाडायचा तर सारण बदला : निम्मा बटाटा काढून वाफवलेले मोडाचे मूग किंवा कुस्करलेलं पनीर घाला. मूग वाफवल्यावर कढईत कोरडे परतून घ्या, नाहीतर वरचाच फुटण्याचा त्रास.

प्रश्न : आधी करून ठेवता येतात का?

उत्तर : हो. १६० अंशांवर आठ मिनिटं अर्धवट भाजा, गार करून फ्रीझरमध्ये सुटे गोठवा आणि मग डब्यात भरा. खायच्या वेळी बाहेर काढून ठेवू नका, पारी ओलसर होते. तेलाचा हात फिरवून थेट १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं.