महामार्ग सोडून गावागावांतल्या अरुंद रस्त्यांनी सावकाश गाडी चालवण्यात नेमका कसला आनंद असतो?

आपण प्रश्नात पुढे असेही विचारले आहे की, मुंबईहून रत्नागिरीला महामार्गाने एका दिवसात पोहोचता येत असताना काही लोक मुद्दाम किनाऱ्याच्या रस्त्याने तीन-तीन दिवस का घालवतात आणि त्यात वेळ व पेट्रोल वाया जात नाही का. त्या ‘काही लोकां’पैकी मी एक आहे. माझी गाडी साधी, छोटी आहे, आणि वर्षातून एकदा तरी मी ती अलिबागकडून किनारा धरून दक्षिणेकडे नेतो. त्यामुळे त्या रस्त्यापुरते उत्तर देतो.

रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या या वाटेला ‘सागरी महामार्ग’ असे भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात दर दोन-तीन तासांनी एक खाडी आडवी येते आणि महामार्ग पाण्यापाशी येऊन थांबतो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांची मुखे रुंद आहेत. रेवदंड्याला कुंडलिकेवर आणि आंजर्ल्याला जोग नदीच्या खाडीवर पूल आहे. पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या ठिकाणी मी आजवर गाडी फेरीबोटीत घालूनच पलीकडे गेलो आहे. माझ्या मते या प्रवासाचे पहिले सुख त्या खाड्यांत आहे. सावकाश जायचे असे आपण घरून कितीही ठरवले, तरी मोकळा रस्ता दिसला की उजवा पाय आपोआप दाबला जातो. इथे सावकाशपणा आपल्या मर्जीवर सोडलेलाच नाही. बोट पलीकडच्या धक्क्याला असेल तर ती येईपर्यंत थांबायचे, एवढेच आपल्या हाती असते.

बोटीवर गाडी चढवणे हाही एक सोहळाच आहे. पुढची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर खरखरत टेकते, आधी पायी माणसे आणि दुचाक्या उतरतात, मग बोटीवरचा पोरगा आपल्याकडे पाहून हाताने खुणावू लागतो. ‘येऊ द्या, येऊ द्या, उजवीकडे कापा, बास!’ तो ‘बास’ म्हणतो तेव्हा पुढच्या टेम्पोच्या मागच्या फळक्यात आणि आपल्या बंपरमध्ये वीतभर अंतर उरलेले असते. हातब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाकून खाली उतरावे, तर त्याच टेम्पोत बर्फात ठेवलेल्या माशांचे खोके असतात, शेजारी लग्नाला निघालेले एखादे कुटुंब असते, आणि इंजिनाच्या धडधडीत कोणीतरी ‘कुठून आलात?’ असे विचारतेच. पलीकडचा काठ येईपर्यंत कोणाकडे जेवायचे, कोणता रस्ता उखडला आहे आणि कोणत्या गावात जत्रा आहे, हे सगळे कळलेले असते.

अर्थात या व्यवस्थेचा फटकाही बसतो. एकदा हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत मी इतका रेंगाळलो की वेसवीला पोहोचलो तेव्हा शेवटची बोट गेलेली होती. समोर, हाकेच्या अंतरावर म्हणावेत असे, बागमांडल्याचे दिवे दिसत होते आणि मला मात्र मंडणगड, म्हाप्रळ, मग सावित्रीवरचा आंबेतचा पूल, म्हसळा, श्रीवर्धन असा वळसा घालून तिथवर जायचे होते. अंधारात, वळणावळणाच्या रस्त्याने, जवळजवळ तीन तास गाडी चालवली. बरोबरची मंडळी रागाने गप्प बसली होती. चूक सर्वस्वी माझी होती, आणि खाडी म्हणजे काय चीज आहे हे मला त्या रात्री नीट समजले.

दुसरे सुख गावातल्या रस्त्याचे. महामार्ग गावाला वळसा घालतो. हा रस्ता गावाच्या मधूनच जातो, कारण तो मुळात गावकऱ्यांच्या येण्याजाण्याचा आहे. विहीर आली की वळतो, देऊळ आले की वळतो, कोणाचा जुना गोठा आला की तिथे अंग चोरतो. केळशीत एकदा दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्यांचे गडगे आणि आत माड-पोफळी अशा बोळात समोरून दापोलीची एसटी आली. एसटीने मागे जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी गाडी मागे घेत घेत एका घरापर्यंत आलो, तर पडवीतले आजोबा हातातला अडकित्ता खाली ठेवून उठले, त्यांनी बेडे, म्हणजे कुंपणाचे फाटक, उघडले आणि म्हणाले, ‘घ्या आत, घ्या. अळवावर चाक नको फक्त.’ एसटी चार बोटे अंतर राखून गेली. आजोबांनी बेडे लावले नाही. ‘आलाच आहात तर पाणी घ्या’ म्हणाले. त्या अर्ध्या तासात मला केळशीच्या महालक्ष्मीच्या उत्सवाची, एका पडलेल्या माडाची आणि मुंबईला असलेल्या दोन मुलांची साद्यंत माहिती मिळाली. (पाण्याबरोबर गूळही आला, हे सांगायला हवे.)

केळशीपुढे उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले असा जो तुकडा आहे, तो मला साऱ्या किनाऱ्यात सर्वांत आवडतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि काचा खाली ठेवल्या तर वासांवरूनही वस्ती ओळखता येते: सुकत घातलेली मासळी, भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याचा, धूर, मे महिन्यात अंगणात पसरलेली आमसुले. पावसाळा सरताना सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट माळावर, गेलात तर एरवी काळाठिक्कर दिसणारा कातळ रानफुलांनी भरलेला असतो. शिमग्यात आलात तर ग्रामदेवतेची पालखी रस्त्यातच नाचत असते. तेव्हा इंजिन बंद करून खाली उतरावे, कारण पालखीला हॉर्न वाजवणाऱ्या माणसाला त्या गावात कोणी क्षमा करीत नाही.

सगळाच किनारा असा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा रस्ता निःसंशय देखणा आहे. पण रविवारी तिथे निवांतपणा शोधायला जाऊ नये. मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर पाहून त्या रस्त्याला लागायचेच असेल, तर सकाळी लवकर लागावे.

खाड्यांवर मोठे पूल बांधण्याची योजना आहे आणि ते झाले की हा प्रवास बदलेल. मला थोडे वाईट वाटेल, पण त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार मला नाही. दाभोळ-धोपावे बोट 2003 साली सुरू झाली. त्याआधी दापोलीच्या माणसाला गाडीने गुहागरला जायचे तर खेड-चिपळूणवरून फिरून जावे लागे. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा माझ्या बोटीवरच्या गप्पांची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या पेट्रोलच्या मुद्द्याकडे येतो. होय, जास्त लागते. चढ-उतार आणि खालचे गिअर यांमुळे माझ्या गाडीची सरासरी इथे चांगलीच घसरते, त्यात बोटीचे भाडे वेगळे. पंप विरळ आहेत, म्हणून दापोली किंवा गुहागरसारख्या मोठ्या गावात टाकी भरून घ्यावी. घाटीत चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे. पहिल्यांदाच जात असाल तर रत्नागिरी गाठायचा हट्ट सोडा आणि एका दिवसासाठी फक्त वेसवी ते आंजर्ले एवढाच टप्पा ठेवा. सकाळच्या बोटीने खाडी ओलांडा, बाणकोटचा किल्ला पाहा, वेळासला जेवणाचे आधी फोनवरून सांगून ठेवा, कारण ऐनवेळी गेल्यास तिथे घरगुती जेवण मिळेलच असे नाही, आणि दिवस मावळायच्या आत आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी पोहोचा. तिथून खाली माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो.