खांदा सुटतो, दोष हाडाच्या पिळाचा का?

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, कबड्डीत चढाईपटू. वर्षभरात उजवा खांदा तीनदा निखळला. सीटीच्या रिपोर्टात ‘ह्युमरल रेट्रोव्हर्जन 17 अंश’ असं आहे. एक नातेवाईक म्हणाले, हे कमी आहे, हाड कापून फिरवावं लागेल. पोराच्या हाडालाच पीळ आहे का हो? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, पीळ तुमच्या-माझ्या हाडालाही आहे. माझ्या टेबलावर दंडाचं एक हाड कायम पडलेलं असतं. ते पालथं ठेवलं, की कोपराकडची दोन्ही टोकं टेबलाला टेकतात, पण खांद्याकडचा गोळा आडवा न राहता तिरका वर बघतो. म्हणजे अंगात तो थोडा मागे वळलेला असतो. कोपराची रेघ आणि गोळ्याची रेघ यांच्यातला कोन म्हणजे तुमच्या रिपोर्टातला आकडा. मोठ्या माणसांत तो सरासरी 30 च्या आसपास भरतो, पण कुणाचा 10 तर कुणाचा 50. तेव्हा 17 हा काही रोग नव्हे.

लहान मुलांत हा कोन 60 च्या घरात असतो आणि वाढीबरोबर उतरत जातो. जी मुलं वाढीच्या वयात खूप फेकतात, त्यांच्या फेकीच्या हातात तो तितका उतरत नाही; दुसऱ्या हातापेक्षा 10-15 अंश जास्त राहतो. मी शाळेत असताना चिंचा पाडायला दगड मारायचो. पुढे हौसेने सोनोग्राफीवर स्वतःचे दोन्ही दंड मोजले, तर उजवा 9 अंशांनी जास्त! म्हणून एकट्या हाताचा आकडा मला अर्धवट वाटतो. डावा किती, ते कुणी पाहिलंय का?

आणखी एक विचारा : सीटीत कोपर घेतलं होतं का? नुसत्या खांद्याच्या चित्रांवरून हा कोन मोजता येत नाही. खांदा आणि कोपर दोन्हीकडचे काप हात न हलवता काढून एकावर एक ठेवावे लागतात. त्यातही वारंवार निखळलेल्या गोळ्याला मागून खळगा पडलेला असतो (1940 साली वर्णन झालेला ‘हिल-सॅक्स’ खळगा), त्यामुळे गोळ्याची रेघ नेमकी कुठून ओढायची यावर दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. पाचेक अंशांचा फरक मी सहज सोडून देतो.

नातेवाइकांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. कोन कमी असून गोळा पुढे जास्त बघत असेल, तर हात वर करून बाहेर वळवताना तो वाटीच्या (गोळा जिच्यात बसतो त्या खांद्याच्या खोबणीच्या) पुढच्या काठाशी लवकर पोहोचतो. खांदा पुढच्या बाजूला सुटणाऱ्यांत हा कोन कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, तसे काहीच फरक न दिसल्याचेही आहेत. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद वेबर यांची हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया मोठ्या खळग्यासाठी होती. खळगा काठात अडकू नये, हा तिचा हेतू. आज ती क्वचितच होते.

तुमच्या मुलाचं बहुधा वेगळंच आहे. मैदानाच्या मध्यरेषेकडे हात ताणलेला असताना मनगट धरून मागे ओढलं, की वाटीच्या काठाची गादी फाटते. एवढ्या कमी वयात ती फाटली, की खांदा पुन्हापुन्हा सुटतो. तेव्हा शल्यविशारदांना 17 अंशांआधी हे विचारा : गादी फाटली आहे का, आणि वाटीचं हाड किती झिजलंय? झीज थोडी असेल तर दुर्बिणीतून गादी शिवतात. पाचव्या हिश्शाच्या आसपास गेली असेल, तर लाटार्जे पद्धतीने हाडाचा तुकडा पुढे बसवण्याचा विचार होतो.

तोवर चढाई बंद. आणि चौथ्यांदा निखळलाच, तर मैदानावर कुणालाही ओढून बसवू देऊ नका. हात झोळीत, आणि आधी एक्स-रे.