'परीकिल्ला' म्हणू नका

प्रश्न : आयर्लंडच्या दंतकथांत सोन्याचा हंडा 'फेअरी फोर्ट'मध्ये पुरलेला असतो. त्याला मराठीत 'परीकिल्ला' म्हणावं का?

नको! हा शब्द ऐकून ऐकून कान किटले. 'परी' म्हटलं की पंख आणि छडी आली, 'किल्ला' म्हटलं की बुरूज आले. तिथे असतो तो शेतातला गोल मातीचा बांध, बाहेरून चर आणि वर काटेरी झुडपं. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकात शेतकरी कुटुंबं त्यात राहत, रात्री गुरं आत घेत. देशभर अशी हजारो ठिकाणं आहेत.

आयरिशमध्ये बांध तो 'राथ', आतली मोकळी जागा 'लिस' (लिस्मोर, लिस्टोवल ही गावं त्यावरून), आणि बड्या असामीचं ठाणं असेल तर 'दून'. हा 'दून' म्हणजेच डेहराडूनचा दून, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो आपला दून 'द्रोणी'पासून, म्हणजे डोंगरांमधली दरी. आयरिश 'दून'चे भाऊबंद निराळे : जर्मन 'त्साउन', म्हणजे कुंपण, आणि चक्क इंग्रजी 'टाउन'! कुंपणाची वस्ती झाली, वस्तीचं शहर. फ्रान्सचं ल्यों शहर मूळचं 'लुग्दुनुम', तेही याच कुळातलं. आता मराठीकडे या. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून वाडा, वाडी, आणि गुरांचं वाडगं. मूळ वेगळं, पण प्रवास तोच! म्हणून माझं मत 'वाडगं'. 'गढी' सुचवणारे सुचवोत. गढी पाटला-देशमुखांची, हे राथ बहुतेक साध्या कुणब्यांचे.

हंड्याचं म्हणाल तर तो कुठे पुरलाय याचं स्वप्न सलग तीन रात्री पडावं लागतं, खणताना तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि राखणीला बैल, काळं मांजर किंवा मुद्दाम मारून पुरलेला माणूस. खरं सोनं-चांदी मात्र 1868 साली लिमरिक काउंटीतल्या आर्डा गावच्या राथमध्ये बटाटे काढताना निघाली. त्यातला आठव्या शतकातला चांदीचा चषक आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

हे धन पुरलं कोणी? लोक म्हणत, 'डेन' लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी. व्हायकिंगांची आयर्लंडवरची पहिली नोंदलेली धाड 795ची, आणि कितीतरी राथ त्याआधीचे. मला विचाराल तर हे 'डेन' म्हणजे पुराणातले 'तुआहा डे दानान', टेकड्यांच्या पोटात जाऊन राहिलेले देव. नाव तेवढं घासून 'डेन' झालं. विद्वान नाक मुरडतात. त्यांच्या मते अठराव्या शतकातल्या पंडितांनी हे बांध डॅनिश ठरवले आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. म्हणजे दिवसभर पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणणारा शेतकरी रात्री इंग्रजी प्रबंध वाचून नातवंडांना गोष्टी सांगत होता तर!