मुलगी चार वर्षांची, घटस्फोटाचा दावा कोल्हापुरात. बापाला ताबा मिळतच नाही का?

मिळू शकतो, पण आत्ता ताब्यापेक्षा भेटीचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. बापाला पक्षपात वाटतो तो इथेच. पण त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शेवटी मुलाचं हितच बघतात. दावा चालू आहे, म्हणून तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज द्या. त्यात नुसतं 'भेट मिळावी' नको. 'दर रविवारी १० ते ५, रोज संध्याकाळी ७ ला व्हिडिओ कॉल, अर्धी मे सुट्टी' असं नेमकं लिहा. मोघम आदेशावरच पुढे भांडणं होतात. शाळेची फी बँकेतूनच भरा, पावत्या जपा. शाळेतून पोरीला परस्पर उचलून मात्र आणू नका, सगळी केस तिथेच बसते. घटस्फोटाचा दावा नसेल, तर पालकत्वाचा अर्ज मूल राहतं त्या जिल्ह्यात, म्हणजे मुलगी आईबरोबर सांगलीला माहेरी राहत असेल तर सांगलीला.